रिकाम्या काट्याचं वजन

कळमन्यात मे महिना, दुपारचे तीन.
मिरचीचा ट्रक नुकताच गेलाय,
हवेला तिखट लागलंय, कुत्रीसुद्धा शिंकतात.
धर्मकाट्यावर कुणी नाही
आणि आकडा म्हणतो : चाळीस किलो.

"चाळीस किलो काय, काका?"
"चाळीस किलो काहीच नाही," डोमाजी निमजे म्हणाले
आणि स्क्रू-ड्रायव्हरनं पाठ खाजवली.

पन्नास टनांचा काटा.
खाली खड्ड्यात पोलादाचे लोडसेल,
ट्रक चढला तरी केसाहून कमी वाकणारे.
त्या वाकण्याची बातमी दोन तारांतून वर येते,
किलोमागे अर्धा मायक्रोव्होल्टसुद्धा नाही,
एवढ्या हळू की तिच्याशेजारी
पंख्याची वायरही आरडाओरडा करते.
वर हिरव्या पट्टीवर ऑप-अँप बसलेला.
पाचशे पट करणं, एवढंच त्याला ठाऊक.
बातमी असो की अफवा,
पाचशे पट.

"आधी दोन्ही टोकं जोड, पोरी.
आत काहीच जाऊन नाही राहिलं
तवा हा काय बोलते, थे पाय."

जोडली.
तरी तो बोलतच होता.
कुणी काही न विचारता, स्वतःचंच, बारीक आवाजात.
मी ट्रिमपॉट पाव फेरा फिरवला. गप्प झाला.
तेवढ्यात गेलेली लाईट आली, कूलर घरघरला,
आणि पुन्हा चाळीस.

काका आकड्याकडे बघतच नव्हते.
टेबलावर पावतीपुस्तक फडफडत होतं, त्याच्याकडे बघत होते.
मग उठले, कूलर आणि कार्डाच्या मध्ये
नुसता तळहात धरला.
तीस. अठरा. सात.
"वारं लागून राहिलं त्याले."

आयसीचा एक पाय वाऱ्यात, दुसरा आडोशाला.
पायाचा धातू एक, पट्टीवरचं तांबं दुसरं;
दोन धातू भेटतात तिथं
थोडी ऊनसावली झाली तरी वीज पिकते.
अर्ध्या अंशाचा फरक असेल नसेल.
बाहेर शेहेचाळीस होतं.
या शहरात अर्धा अंश कोण मनावर घेतं?

काकांच्या पिशवीत संत्रा बर्फीचा पत्र्याचा डबा होता,
भाच्यानं दिलेला, न उघडलेला.
त्यांनी बर्फी कागदावर ओतली,
हमालांना वाटली, मला दिली.
"मले नको. भूकच नाही लागत या उन्हानं."
डब्याच्या काठाला कानशीनं खाच पाडली तारांसाठी
आणि तो कार्डावर पालथा घातला.
शून्य.
कूलर पूर्ण जोरात, तरी शून्य.

आता तपासायचं कशानं? वजनं तर गोदामात.
मीच जाऊन काट्यावर उभी राहिले,
एवढ्या मोठ्या लोखंडावर, चप्पल काढून, मग पोळलं म्हणून घालून.
काकांनी मीटर वाचलं : "दहा पॉइंट आठ मिलिव्होल्ट."
चोपन्न किलो. बरोबर.
"पन्नास टनांच्या काट्यानं तुले वळखलं," म्हणाले, खूश होते.

मग ते गेले. मी मीटरपाशी.
"बासष्टचा आहो मी, लिहून ठेव."
म्हणजे बारा पॉइंट चार यायला हवं.

नऊ पॉइंट सहा.

मी दोनदा वाचलं.
"किती?"
मी डब्यावरून हात फिरवला, खाच पाहिली, प्रोब दाबून धरले.
"ऑफसेट असल," ते तिकडूनच म्हणाले.
"पाहते," मी म्हणाले.

दोन्ही टोकं जोडली.
शून्य.
एकदा सोडली, पुन्हा जोडली.
शून्य.

काका काट्यावर अजून उभेच होते,
बेल्टला नवं भोक पाडलेलं मला आत्ता दिसलं,
खिळ्यानं, वाकडं.
मागं ट्रक येऊन हॉर्न देत होता.