सेटर

शाळेने तेजलला एक शब्द दिलाय: सेट.
पाच अर्थ, प्रत्येकाचा वाक्यात उपयोग.
ती डिक्शनरी उचलून माझ्या मांडीवर ठेवते,
"पप्पा, तुम्ही तर सेटरच आहात ना?"

आहे.
म्हणजे मार्चपर्यंत होतो.
सातपूरच्या शेडमध्ये एकवीस वर्षं
जॉब बांधला, टूल लावलं, झिरो घेतला,
पहिला पीस मायक्रोमीटरच्या जबड्यात धरला:
पॉइंट झिरो टू जास्त.
पुन्हा.
मशीन बरोबर लागलं की ऑपरेटर बटण दाबणार,
सेटर पुढच्या मशीनवर.
लावून द्यायचं आपण, चालवायचं दुसऱ्याने.

हे कुठे दिलंय ते शोधतोय.
एकट्या सेटनेच दीड पान खाल्लंय,
अक्षरं मोहरीएवढी,
आणि प्रत्येक अर्थाला नंबर, हजेरीपटासारखा.

"माझा लिहा आधी," सुलभा ओट्याजवळून म्हणते,
"नेकलेस, कानातले, दोन बांगड्या."
सराफ बाजारात तिच्या वडिलांनी
द्राक्षाचे पैसे मोजून घेतलेला,
निळ्या मखमलीच्या डबीतला.
डबी कपाटात आहे.
सेट पतसंस्थेत.
तेजल लिहिते: माय मदर हॅज अ गोल्ड सेट.
हॅज की हॅड,
यावर आम्ही दोघंही व्याकरण काढत नाही.

तेवढ्यात मोहाडीहून दत्तूचा फोन.
"दाजी, औंदा सेटिंग एक नंबर!
फुलोऱ्यात पाऊस नाही आला. मणी धरलाय,
बाजरीएवढा आहे, पण धरलाय."
त्याला डिक्शनरी नको,
घडाखाली तळवा धरून सांगतो तो.
तेजलला सांगितलं, हेही लिही.
ती म्हणते, बाईंना कळणार नाही.

गांगुर्डेचं सेटिंग मात्र मीच लिहू दिलं नाही.
प्लँट चाकणला गेला
आणि दोनशे माणसांतून याचं एकट्याचं नाव
यादीतून कसं गळलं,
तो अर्थ पोरांच्या वहीत कशाला.

"आणि आपल्यात काय म्हणतात सेटला?"
मी हसलो. आपल्यात लागतं, बाई.
बघ, तुझी आई दुधात विरजण घालतेय,
सकाळी दही लागलेलं असेल.
झाडाला फळ लागतं, पायाला ठेच लागते,
हा दत्तू तुझा कोण लागतो, सांग?
माणसाला नोकरी लागते...
इथे मी थांबलो.
आपला शब्दही काही कमी उचापती नाही,
फक्त त्याची पानं कुणी मोजली नाहीत.

ती अजून खाली बोट फिरवते.
"पप्पा, द सन सेट्स. सेट म्हणजे मावळणंपण!"
मी पुस्तक उजेडाला धरून पाहिलं.
खरंच.
पक्कं बसणं आणि बुडून जाणं,
दोघांना एकच नाव, मध्ये नुसते काही नंबर.
असला नट आणि असला बोल्ट
मी एका ट्रेमध्ये कधी ठेवला नसता.

गॅलरीतून अंजनेरी दिसते, दिसते म्हणजे
समोरच्या टाकीच्या डावीकडून थोडीशी.
सूर्य तिथे गेलाय.
कुणाच्या तरी कंपनीचा भोंगा होतो, सेकंड शिफ्टचा चहा.
अजून मान वळते माझी.

पाचवं वाक्य तिने स्वतः केलं, मोठ्याने वाचलं:
माय फादर सेट्स मशीन्स.
साधा वर्तमानकाळ, ती समजावते,
रोजच्या सवयीसाठी वापरतात,
नाहीतर कायम खऱ्या असणाऱ्या गोष्टीसाठी.
सूर्य मावळतो, तसं.

खोडरबर माझ्याच हाताजवळ होतं.
मी ते कंपासमध्ये ठेवलं,
झाकण लावलं.