बेचाळीस जागा

येकातेरिनबुर्गला उणे सव्वीस.
तळघरातली दाबयंत्राची खोली तेवढी उबदार,
कारण भट्टी रात्रभर दोनशे अंशांवर ठेवलेली,
आणि रुफिना गाब्दुलोव्हना तिथेच डुलकी काढते,
पाय रेडिएटरवर, चष्मा कपाळावर.

गोळी एवढीशी, मसुराच्या डाळीइतकी.
सिल्व्हर आयोडाइड. पिवळट.
थंड असते तोवर शहाण्यासारखी वागते.
दीडशेच्या आसपास कुणीतरी आतली दारंच काढून नेतं:
आयोडाइड उभे राहतात खांबांसारखे
आणि चांदी सुटते.
चिमट्यात धरा, घनच लागेल.
आत मात्र पाण्यासारखी पळापळ.

"एका पेटीत चांदी दोन," ती नव्या पोरांना सांगते,
"आणि बसायला जागा बेचाळीस.
आमच्याकडे उलटं होतं.
माणसं बेचाळीस, संडास दोन."

कारखान्यामागचं ते सामाईक घर:
एक स्वयंपाकघर, सात कुटुंबं,
सात दिवे, ज्याचं त्याचं बटण,
बोळात सायकली, भिंतीला टांगलेली घंगाळं,
आणि त्यातून सहा वर्षांची रुफिना
मीठ इकडून तिकडे,
काडेपेटी तिकडून इकडे,
झिन्नूरबाबांना धाप लागली हा निरोप
चपला न घालता शेवटच्या खोलीपर्यंत.
कुठल्याच खोलीची नव्हती ती.

पंपाचा दांडा. खाली. वर. खाली.
हवेच्या हजारपट दाब. दोन हजार.
वाहकता उतरते हळूहळू, यात नवल नाही:
खांब जवळ आले, बोळ अरुंद झाले,
चांदीला अंग चोरून जावं लागतं
आणि काही वेळा जातच नाही.
चार. पाच.
सहा हजारांच्या पुढे कुठेतरी
(वहीत वेळ लिहिलीय, दाब लिहायचा राहिला)
रेघ पायरी चुकल्यासारखी कोसळली.
घर फिरलं, वासेही फिरले.

आता प्रत्येक चांदीला स्वतःची खोली,
सहा बाजूंना सहा आयोडाइड, कसे नीटनेटके.
कुणी कुणाकडे जात नाही.
जाण्याचं कारणच उरलं नाही.

एकोणऐंशी साली त्यांना वेगळं घर मिळालं, पाचव्या मजल्यावर.
पहिल्या रात्री आई तीनदा उठून
संडासची साखळी ओढून आली, नुसती ऐकायला.
चौथ्या दिवशी मीठ संपलं.
आई दार उघडून जिन्यात उभी राहिली.
एकसारखी चार दारं. सगळी बंद.
ती परत आत आली.
सूप अळणीच प्यायलो.

"तुलना चुकीची आहे," रुफिना स्वतःच म्हणते
आणि चहात साखर ढवळत बसते.
"आम्हाला कुणी दाबलं नव्हतं.
अकरा वर्षं रांगेत थांबून गेलो होतो. हौसेनं."

दाब चढवायला तासभर पुरतो,
उतरवायला अख्खी दुपार.
आणि चढताना जिथे मोडलं
तिथे उतरताना जुळत नाही; बरंच खाली यावं लागतं,
हे तिला तीस वर्षं माहीत आहे,
तरी सहा हजारांवर ती दरवेळी मान वर करून बघते.

पाच हजार. साडेचार.
येर्मोलाय विचारतो, आजच्यापुरतं बंद करू?
बाहेर अंधार पडलाय, शेवटची ट्राम साडेअकराची.
ती दाबमापकाच्या काचेवर नखानं टिचकी मारते.
रेघ तशीच, तळाला पडून.

"सोड अजून थोडं," ती म्हणते.
"हळू. ऐकू येईल इतकं हळू."