पहिला टप्पा

औलूत रात्रीचे अकरा. बाहेर उणे चोवीस,
समुद्र गोठून त्याचा रस्ता झालेला.
सात महिन्यांनी कारखान्यातून परतलेली माझी चिप,
तिळाएवढी,
बोर्डावर दिव्याखाली पडून आहे.

तिच्यात मी धातूची वेटोळी आखली होती,
साडेतीन फेऱ्यांची, गोगलगायीच्या शंखासारखी.
रौनो सर म्हणायचे, पहिला टप्पा ऐकणारा हवा.
तिथे शिरलेली खरखर
पुढचे सगळे इमानाने मोठी करत नेतात.

आता इनपुट बंद आहे. आत काहीच येत नाही.
तरी पडद्यावर एक उंच सुळका:
कुणी विचारलेलं नसताना
माझा अँप्लिफायर स्वतःशीच बोलतोय.

विएनोने सूक्ष्मदर्शकात डोकावून पाहिलं.
"ही ग्राउंडची सोन्याची तार. हिशेबात धरली होतीस?"
केसाहून बारीक, जेमतेम मिलिमीटरभर.
मी तिला नुसती तार समजले.
सेकंदाला अब्जावधी हेलकावे, तिथे
नुसतं असं काही नसतं.

हसले मी. मग थांबले.

रविवारी बाबांचा फोन आला होता, बर्फावरून,
भोकात गळ सोडून बसले होते.
अर्धा तास मी चिपबद्दलच बोलत राहिले.
मध्ये एकदा त्यांनी श्वास घेतला,
काही सांगण्याआधी घेतात तसा.
मग म्हणाले, "बरं. ठेवतो."

विएनोने शेजारी दुसरी तार जोडली.
सुळका गेला नाही, थोडा सरकला फक्त.
"अजून एक," ती म्हणाली.

बारा वाजत आलेत.
जागे असतील का?