सामाईक नळ

मंगळवारी पहाटे दुसरा सर्व्हर गेला
आणि जाताना रक्तपेढी घेऊन गेला.
रक्त होतं. फ्रीजमध्ये, पिशव्यांत, आकडे चिकटवलेलं.
कुठला आकडा कुणाचा
हे त्याच्या पोटातल्या डिस्कवर.

शेजारचे दोघे धडधाकट.
निम्मे रिकामे, हिरवे दिवे लावून बसलेले.
त्यांना उठून मदत करायची होती, असं मला वाटलं;
पण दुसऱ्याच्या कुलपातलं
कोण कसं काढणार?

वख्तांग डॉक्टर म्हणाले, हवं ते घे.
दारापर्यंत जाऊन वळले:
चार हजार लारीच्या आत घे.

नुगझार तिबिलिसीहून व्हॅन घेऊन आला.
बुडालेल्या बँकेचं कपाट, चोवीस डिस्क,
दोन कंट्रोलर, एक आडवा झाला तर दुसरा उभा.
"थंड खोलीत राजासारखं जगलंय," म्हणाला.
सुरू केलं तशी दवाखान्याच्या अंगणातली कुत्री उठली.
मी डिस्कचे तास पाहिले: एकसष्ट हजार.
माझं लग्नसुद्धा इतकं चाललं नाही.
मग विजेचा हिशेब मांडला.
तीन हिवाळ्यांत ते कपाट
स्वतःला पुन्हा एकदा विकत घेणार होतं.

मग नवा कोरा डबा पाहिला. चार खण,
पुस्तिकेवर सोफ्यावर हसणारं कुटुंब.
किंमत अगदी नेमकी बसत होती,
डिस्क सोडून.

आणि एक तो कोपऱ्यातला.
आमचा सगळ्यात जुना सर्व्हर, दोन वर्षं बंद,
ज्याच्यावर हिशेबनीस एतेरी
पावत्यांचे गठ्ठे आणि एक जिरॅनियम ठेवते.
झाकण उघडलं: धूळ, एक मेलेला कोळी,
आणि स्वतःच्या चुका स्वतः सुधारणारी मेमरी.
असं माणसांत क्वचित मिळतं.
सहा नव्या डिस्क घातल्या, जोडीजोडीनं,
प्रत्येक अक्षर दोन ठिकाणी गिरवणाऱ्या.
वेगवान नेटवर्क कार्डं पोलंडहून आली, वापरलेली,
कुणाच्या तरी जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून.
सॉफ्टवेअर फुकट.
म्हणजे एकवीस रात्री, माझ्या.

एतेरीनं जिरॅनियम खिडकीत हलवलं आणि विचारलं,
सामाईक म्हणजे नक्की काय गं?
म्हटलं, तुमच्या अंगणातला नळ.
तीन घरं, नळ एकच.
एखाद्या घराला आग लागली
तरी पाणी घरात नसतं, नळाला असतं.
ती म्हणाली, आणि जानेवारीत नळ गोठला तर?

तीन आठवडे मी माहितीपत्रकं वाचत होते.
हिला चहाच्या एका घोटात कळलं.

म्हणून उरलेल्या पैशांच्या बॅटऱ्या.
आणि अंगणापलीकडे, धुलाईघराच्या फळीवर,
चादरींच्या वाफेपासून जरा लांब,
एक छोटा डबा, दोन खणांचा,
रोज रात्री दोनला सगळं उतरवून घेणारा.
त्याचा वेग विचारू नका.
तो नळ नव्हे, भरून ठेवलेली बादली.
शेवटी हिशेब: तीन हजार नऊशे साठ.
उरलेल्या चाळीस लारींची एतेरीनं पावती मागितली.

शुक्रवारी, बारा वाजता, रांग दारापर्यंत असताना,
कुणालाही न सांगता
मी पहिल्या सर्व्हरची वायर उपटली.

लमाराच्या पडद्यावर नावं थिजली.
खिडकीपाशी एक म्हातारा, हातात टोपी,
तिला यंदाच्या द्राक्षांचं सांगू लागला:
गारा कशा पडल्या, कुठला उतार वाचला,
जावई कसा काही कामाचा नाही.
एक मिनिट चाळीस सेकंद.
मग नावं परत आली, तिसऱ्या सर्व्हरवरून,
जणू पाणी प्यायला उठली होती.
"आज तुझं जरा हळू चाललंय," लमारा म्हणाली.
हो म्हटलं. वायर अजून हातात होती,
आणि हात स्थिर नव्हता.

संध्याकाळी नुगझारचा फोन.
कपाट अजून व्हॅनमध्येच आहे, निम्म्यात देतो.
मी खिडकीतून अंगणाकडे पाहिलं.
नको म्हटलं,
कुत्री आत्ताच झोपलीत.