निरंक

पहिल्यांदा तुटलं तेव्हा वाटलं, बाईंनीच श्वास घेतला.
मारव्यातल्या कोमल रिषभावर त्या अशा टेकलेल्या
की षड्ज येईल की नाही, हाच प्रश्न.
नाही आला.
दोन सेकंद काहीच नाही. मग आला,
पण ज्या जागेसाठी निघाला होता
ती जागा तोवर मोडली होती.

मी वही घातली.
सत्तावीस वर्षं पोलोग्राउंडच्या ऑफिसात, वीज मंडळात,
लॉगशीट पाहिल्याशिवाय मला दुखणं कळत नाही.
मंगळवार, सात बारा.
मंगळवार, सात एकोणीस, दोनदा.
बुधवार निरंक.
गुरुवार सात चौदा.
आणि समोर लिहिलेलं असूनही
वीज सोडून सगळ्यांवर संशय घेतला.

केबल बदलली. राउटर कपाटावरून टीव्हीमागे,
टीव्हीमागून पुन्हा कपाटावर.
वायफायचा चॅनल एकवरून सहा, सहावरून अकरा.
बफर वाढवला, तेव्हा चार सेकंदांचे दोन झाले.
डॅक उलटा करून त्याचे पाय पाहिले,
का ते विचारू नका.
हेमलताला म्हटलं, मी ऐकतो, तू मायक्रोवेव्हमध्ये दूध ठेव.
दूध उतू गेलं, गाणं गेलं नाही.
फायबरवाला दीपेश आला, मोबाइल माझ्या नाकासमोर धरून म्हणाला,
भिया, लाइन तो मक्खन है.
मक्खन. सकाळचे अकरा वाजले होते,
अकराला तर माझंही सगळं मक्खनच असतं.

शनिवारी पुन्हा. सात अकरा.
हेमलता मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली,
परवाही पाण्याचाच दिवस होता.

नर्मदा आमच्याकडे एक दिवसाआड येते.
एवढा घाट चढून येते, आणि लोकमान्य नगरातल्या आमच्या गल्लीत
चौदा मोटरा एका दमात तिच्यावर तुटून पडतात.
पोरवालांची दीड हॉर्सपॉवरची. पंधरावी आमची.
दिवे जरा मान टाकतात. पंख्याला कळतही नाही.
पण जिन्याखाली, जुन्या चपलांच्या वर,
नऊशे रुपयांचा तो नेटवर्कचा स्विच
बोटभर अडॅप्टरच्या जिवावर जगणारा,
तो तेवढ्यात मरतो आणि पुन्हा जन्म घेतो.
शुद्धीवर यायला त्याला बारा सेकंद लागतात.
दहा बफर सांभाळून घेतो.
उरलेली दोन माझ्या वहीत.

आणि मोटर चालू करून मगच मी ऐकायला बसायचो.
रोज. म्हणजे एक दिवसाआड.
लोड एकदम टाकू नका, असं अख्ख्या शहराला
सांगून सांगून निवृत्त झालेला माणूस.

जेल रोडवरून छोटा यूपीएस आणला.
सोमवार निरंक. बुधवार निरंक.
हेमलतानं वहीच्या मागच्या पानांवर दुधाचा हिशोब सुरू केला.

शुक्रवारी मात्र, एकतिसाव्या मिनिटाला,
बाई तारसप्तकात पोचता पोचता
टक्.
सात सेकंद.
मी उठून जिन्याखाली वाकलो, गुडघा कळवळला,
स्विचचे दिवे हिरवे, एकाच्या शेजारी एक, शहाण्या मुलांसारखे.
आणि वर खोलीत कोणीतरी माझ्या आवाजात विचारलं,
चालू झालं का रे?

शहाऐंशी साल. रामबागेतला कुणाचा तरी हॉल, सतरंजी,
मांडीवर उसना रेकॉर्डर, साठ मिनिटांची कॅसेट,
आणि बावीस वर्षांचा मी ती उलटी करतोय
घामेजल्या अंगठ्यानं, घाईत.
त्या सात सेकंदांत वत्सलाबाई कोरान्ने
वर काय करून आल्या
ते आता कुठल्याच फाइलमध्ये नाही.
मी तिथे पुढ्यात बसलो होतो, तरी मला आठवत नाही.
मी कॅसेटकडे पाहत होतो.

वही उघडली. शुक्रवार, सात
एवढं लिहिलं
आणि गच्चीवरून हाक आली, टाकी भरली, वाहतेय,
मोटर बंद करतोस का?
गेलो. बटण खाली केलं.
दिव्यांनी मान वर केली.
आत बाई चालूच होत्या.