ऊर्फ

कामुरास्काच्या पुढं, नदी जिथं खारट व्हायला लागते,
त्या गावच्या चर्चमागच्या खोलीत
रोलांद शाग्रिन वह्या उलटते आहे.
वय एकाहत्तर. मेन राज्यातल्या बिडफर्डहून आली,
सहा तास एकटी गाडी हाकत.
जन्मभर शाळेची बस चालवली,
रस्त्याचं तिला काही वाटत नाही.
वाटतं ते या अक्षरांचं.
वारुळातून निघाल्यासारखी येतात
आणि पान संपलं तरी संपत नाहीत.

शाग्रिन नाहीच कुठं.
'एस'मध्ये नाही, 'सी'मध्ये नाही.
"कसं असेल?" म्हातारा तिव्हिएर्ज म्हणतो
(वह्या तोच सांभाळतो, बिनपगारी),
"तुम्ही ऊर्फ शोधा, बाई."

या मुलखात एकेका माणसाला दोन आडनावं.
एक बापाचं, एक चिकटलेलं.
पलटणीत कप्तान शिपायांना नावं ठेवायचा,
म्हणजे खरोखरीच ठेवायचा:
हा फूल, तो ट्युलिप, पलीकडचा बिनघोर.
पलटण मोडली, जमिनी मिळाल्या, नावं राहिली.
थोरला भाऊ पहिलं लावी, धाकटा दुसरं,
आणि त्यांची नातवंडं कुंपणावरून भांडली
परकी असल्यासारखी.

बायका मात्र
जन्मल्या त्याच आडनावानं मेल्या.
लग्न होवो, दोन नवरे पुरून होवोत,
पाद्री बापाचंच आडनाव लिहायचा.
बिडफर्डच्या दगडावर रोलांदची आई आहे
'मिसेस आर्मां शाग्रिन'.
तिचं स्वतःचं त्यात एक अक्षर नाही.
इथं पणजी सापडते चार ठिकाणी,
चारही ठिकाणी झेफिरीन सूसी.
रोलांद त्या नावाखालून बोट फिरवते,
कागदाला न लावता.
मुली म्हणाल तर सगळ्या मारी.
मारी-एग्झिल्दा, मारी-ओबेलीन, मारी-झेफिरीन.
अंगणात उभं राहून कुणी 'मारी' हाक दिली असती
तर एकीनंही मान वळवली नसती.

तीनच्या सुमारास तो सापडतो.
एत्येन गेरे ऊर्फ सांशाग्रँ.
सांशाग्रँ म्हणजे दुःखावाचून.
आपल्याकडे अशोक म्हणतील.

अशोकाची मुलं अकरा.
जगली चार.
एका मार्चमध्ये, एका आठवड्यात, तीन गेली. देवी.
एकाला नावच नाही: 'अनामिक, घरीच पाणी शिंपडलं.'
आणि प्रत्येक नोंदीखाली तेच वाक्य,
'बापाला सही येत नाही असं त्यानं सांगितलं.'
दर वेळी विचारलं असेल त्याला?
मंगळवारी, गुरुवारी, पुन्हा शनिवारी?

पुढं पाच पिढ्यांनी आगगाडी, सरहद्द, सूतगिरणी.
पगारनिसाच्या रकान्यात एवढं लांब नाव मावेना.
त्यानं पुढचं 'सां' छाटलं.
चार अक्षरांची शाई वाचली.
म्हणजे अशोकातला अ गेला,
आणि उरलं ते डब्यासोबत घेऊन
घराणं पहाटे साडेपाचला
कामावर जात राहिलं.

आता याचा अर्थ लावायचा तर
रोलांदचा बाप आडवा येतो.
तो भारी हसरा होता.
रविवारी मांडीवर चमचे वाजवायचा,
कापसानं भरलेल्या छातीतून खोकत, हसत.
नावावर काही नसतं, ती पुटपुटते.
मग पुन्हा ते पान उघडते.

"झेरॉक्सचे दोन डॉलर," तिव्हिएर्ज म्हणतो,
"पावतीवर नाव काय लिहू?"
"रोलांद."
"पुढं?"
खिडकीबाहेर ओहोटी लागली आहे,
चिखलात माशांच्या जाळ्यांचे खुंट उघडे पडलेत.
ती चष्मा पुसते.
"पुढं," ती म्हणते,
"रकाना केवढा आहे तुमचा?"