म्हाके मास्तर

रेशनकार्डावर त्याचं नाव विलास म्हाके.
मूळचा विल्फ्रेड मॅके,
पण पुरवठा कचेरीतल्या कारकुनाला घाई होती
आणि रांग उन्हात होती.
त्यानं दुरुस्त करून घेतलं नाही कधी.
म्हणाला, 'साखर मिळते ना.'

आजा स्कॉटलंडहून बॉयलरमागोमाग आलेला.
बॉयलर भंगारात गेला, आजा कबरीत,
नातू उरला भुसावळात
डाव्या पायासकट.

तो डावा पाय मी पाहिलाय.
मे महिना, सत्तेचाळीस डिग्री,
इन्स्टिट्यूटचं ग्राउंड तव्यासारखं,
आणि हा कॉर्नरवरून बॉल असा वळवायचा
जशी यार्डात रात्री गाडी रूळ बदलते,
झोपलेल्याला कळत नाही.
शेडमधले फिटर
भोंग्याआधीच हात धुऊन यायचे,
साहेब लोक बघून न बघितल्यासारखं करायचे.

इगतपुरीच्या मॅचला गुडघा गेला.
कट्ट.
आम्हाला वाटलं, कुणी बाभळीची फांदी मोडली.
सव्वा महिना रेल्वेच्या दवाखान्यात.
परतला तेव्हा हातात काठी,
गळ्यात गार्डाची शिट्टी.
'आता मी मॅनेजर.'
कुणी नेमलं, कुणी विचारलं नाही.

मॅनेजर म्हणजे
पानवाल्याकडून चुना मागून रेषा मारणं,
सायकलच्या पंपानं ब्लॅडर फुगवणं,
सुपडूच्या बापापुढं केळीच्या बागेत उकिडवं बसून
पटवणं, की पाणी पोरगा रात्री धरेल,
रविवार तेवढा आमचा.
पाटावर लिंबं मांडायचा. दोन, तीन, पाच.
गोलकीपर म्हणजे वांगं, भरताचं.
'हे लिंबू झोपलंय,' माझ्याकडे बघून म्हणायचा,
'बॉल तुले नाही शोधनार भो, तू त्याले शोध.'
नवी पोरं एकमेकांना विचारत,
हा म्हाके कुठला रे, वरणगावचा का?

शनिवारी रात्री खरखरत्या रेडिओला कान लावून
न पाहिलेल्या गावांचे निकाल ऐकायचा.
'डंडीनं आज दांडी मारली,'
एवढं सांगून दिवा घालवायचा.
बहीण ऑस्ट्रेलियाला गेली, तिकीट पाठवते म्हणाली.
यानं गुडघ्याचं कारण दिलं.

जळगावची फायनल.
मी बूट नवे घेतले होते, उधारीवर.
यादी वाचली त्यानं. लेफ्ट बॅक, सुपडू.
'तू माझ्याजवळ बस. लिंबं काप.'
कापली.
दुसरा गोल माझ्या बाजूनं आला,
म्हणजे मी जिथं नव्हतो तिथून,
आणि मला आनंद झाला.
हे मी आज सांगतोय. बायकोलाही माहीत नाही.
त्याला दिसलं होतं.
बोलला काही नाही. माझ्या हातातली सुरी घेतली,
उरलेलं लिंबू स्वतः कापलं,
पहिली फोड मला दिली.
आंबट होती, एवढंच आठवतं.
पुढच्या वर्षी ग्राउंडवर सिमेंटचे स्लीपर येऊन पडले.
पुढच्या वर्षीची मॅच तिथंच, त्यांच्याखाली.

परवा रुळापलीकडच्या कबरस्तानात
आम्ही नऊ जण जमलो होतो.
कुणी सांगितलं नाही, पण बघतो तर
इक्बाल मागं उजवीकडं,
मध्ये तिघं, पुढं बाकीचे,
पोटं सुटलेली, गुडघे त्याच्यापेक्षा वाईट.
मी भिंतीजवळ, बसवलं होतं तिथंच.
सुपडूनं मान वळवली, दीड पाऊल सरकला.
'ये ना भो. जागा हाये.'

तेवढ्यात मालगाडी आली, कोळशाची.
पाद्र्याचे ओठ नुसतेच हलत राहिले.
आम्ही डबे मोजत उभे होतो,
रेल्वेची माणसं, सवय जात नाही.
माझे अठ्ठावन्न भरले,
सुपडूचे एकोणसाठ.